सोनजोड्यांखालची जमीन

वास्काला, २९ एप्रिल २००९

प्रिय पिरेट,

फोनवर माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवून देतेस, म्हणून लिहितो आहे. पत्र न उघडता चुलीत टाकता येतं. तुझी मर्जी. सहा वर्षांत तुला एकही ओळ लिहिली नाही, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही.

बातमी चांगली आहे. हेल्वीच्या बागेतले सोनजोडे वर आले. तू लावलेल्या ठोंबाला यंदा एकतीस कोंब आहेत. काल आम्ही दोघांनी गुडघे टेकून दोनदा मोजले. हेल्वीला बत्तीस दिसले, पण तो बत्तिसावा कोंब नव्हता, वाळकी काडी होती. ती म्हणाली, "खाणीतला माणूस तू, उजेडात तुला कुठलं दिसायला!" तुला कळव असं तिनंच सांगितलं. कळवलं.

तुला आठवतं का? उघडी खाण जंगलापर्यंत येणार होती आणि रखवालदारानं सांगितलं, पाच ठोंब घेऊन जा, बाकीचं सगळं यंत्राखाली जाणार. तू अकरा वर्षांची होतीस. दुधाच्या कॅनमधून तू तुझा ठोंब आणलास आणि कुणाला हात लावू दिला नाहीस. आपल्या अंगणात दिवसभर ऊन, म्हणून वाफा कुंपणापलीकडे हेल्वीच्या बाजूला, हेझेलच्या सावलीत केला. चुनखडीची खडी, पाइनच्या वाळक्या सुया, जुनी पानं. हेल्वी शेणखत घालायला निघाली तर तू रडलीस, म्हणालीस, ह्यांची मुळं जळतील. तुझंच बरोबर निघालं. वरची तपकिरी पिळलेली पाती आणि खाली तो पिवळाधमक, बुटासारखा फुगलेला जोडा पाहायला चार वर्षं लागली. तोवर तुझं फुलांतलं लक्ष उडालं होतं. हेल्वीचं आणि माझं उडालं नाही.

आई गेल्यापासून सकाळची कॉफी मी हेल्वीकडेच पितो. नवरा गेल्यापासून तीही एकटीच. लोक बोलतात. बोलू देत.

तिच्या स्वयंपाकघराचं दार घासतंय. काल रंधा मारून दिला. हिवाळ्यापासून तिसऱ्यांदा. मी म्हणालो, दमट हवेनं लाकूड फुगतं. ती म्हणाली, "हिवाळा कोरडा होता, एंडेल."

कोरडाच होता.

बाबा

११ मे

प्रिय पिरेट,

उत्तर नाही, पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे पत्ता बरोबर असावा.

परवा पहाटे दंव गोठणार असं रेडिओवर सांगितलं. आम्ही संध्याकाळीच सगळ्या ठोंबांवर बादल्या पालथ्या घातल्या. बादल्या कमी पडल्या तेव्हा हेल्वीनं सूप करायचं मोठं भांडं आणलं आणि तुझ्या ठोंबावर ठेवलं. सकाळी गवत पांढरं, पण कोंब हिरवेगार. कळ्यांची टोकं दिसायला लागली आहेत.

बादल्या उचलताना एक गोष्ट पाहिली. वाफ्याच्या कडेला मी पंचाऐंशी साली दोरी धरून चुनखडीचे दगड लावले होते. मी लावलेली ओळ कशी असते तुला ठाऊक आहे. ती ओळ आता मध्ये बसली आहे. बशीसारखी. हेल्वी म्हणते चिचुंद्र्यांनी पोखरलं. मी म्हटलं, असेल.

तिच्या विहिरीचा दोर आता पाच वेढे जास्त सोडावा लागतो.

शुक्रवारी वाम्बोला आला होता. तू त्याला ओळखतेस, पण माझ्या मनाच्या समाधानासाठी लिहितो: खाणीत मी मुकादम होतो तेव्हा मोजणी आणि नकाशे त्याच्याकडे होते. गावात त्याचं घर आपल्यापासून तिसरं. दारात उभा राहूनच म्हणाला, "टपालवाली सांगत होती, पत्रं लिहायला लागलास म्हणे."

"पिरेटला."

"लिही की. हवेबद्दल लिही, फुलांबद्दल लिही." मग जरा जवळ आला. "हे बघ एंडेल, ती जमीन अजून दहा वर्षं सहज धरेल. तोवर आपण दोघंही तिच्याच खाली असू. मग काय पडायचं ते पडो!"

आणि हसला. मीही हसलो. तुला सगळं लिहायचं ठरवलं आहे, म्हणून हेही लिहितो. मीही हसलो.

बाबा

२८ मे

प्रिय पिरेट,

सोनजोडे फुलले. तुझ्या ठोंबावर एकोणीस फुलं. असं वर्ष कधी आलं नव्हतं. हेल्वी रोज सकाळी खुर्ची घेऊन वाफ्यापाशी बसते. कालच्या पावसात एक जोडा पाण्यानं भरला, तर तिनं चमच्यानं पाणी काढलं, लहान मुलाचा कान पुसावा तसं.

आता त्या गोष्टीबद्दल. तू ती आईकडून ऐकलीस, इस्पितळात, आणि तिला दम लागत होता, म्हणून अर्धीमुर्धीच ऐकली असशील. एकदा माझ्या हातानं लिहितो.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. वर्ष संपायला सात आठवडे उरले होते आणि जळाऊ दगडाचा आमचा ठरवून दिलेला आकडा भरत नव्हता. वरून फोन आला. खांब कापा, असं कुणी म्हणालं नाही. "कसंही करा," एवढंच म्हणाले. गावाच्या पूर्वेच्या टोकाखाली, पस्तीस मीटरवर, आमचं काम संपलं होतं. तिथे छत तोलायला सात मीटर रुंदीचे खांब सोडले होते. चांगला दगड, हाताशी आलेला. आम्ही परत मागे गेलो आणि ते चारवर आणले. वाम्बोलानं नकाशावर सातच ठेवले. खाली त्याची सही, माझी सही.

त्या वर्षी मला मानचिन्ह मिळालं आणि लाटव्हियाच्या किनाऱ्यावर दोन आठवड्यांची सुट्टी. तू चार वर्षांची होतीस. समुद्रात पहिल्यांदा पाय घातलास तो तेव्हा. तो फोटो तुझ्याकडे आहे.

वर सात घरं आहेत. हेल्वीचं मधलं. तेव्हा ते रिकामं होतं, म्हातारी मादली नुकतीच गेली होती. रिकाम्या घराखाली कापलं, असं मी स्वतःला सांगायचो. पाच वर्षांनी हेल्वी आणि तिचा नवरा ट्रकमधून सामान घेऊन आले. मी त्यांचं कपाट उचलायला मदत केली. आत नेऊन ठेवलं. काही बोललो नाही.

तू म्हणालीस, "बाबा, आज जाऊन सांगा." मी म्हणालो, आईला माती देऊ, मग. मग म्हणालो, हिवाळा जाऊ दे. तेव्हा तू कोट घातलास आणि पेर्नूच्या गाडीत बसलीस.

गेल्या आठवड्यात हेल्वीच्या फळीवरचे कप आपोआप किणकिणले. ती म्हणाली, रस्त्यावरून ट्रक गेला असेल. आमच्या रस्त्यावरून आठवड्यात एक ट्रक जातो, मंगळवारी. त्या दिवशी गुरुवार होता.

मी तिला सांगणार आहे. फुलं सरली की.

बाबा

८ जून

प्रिय पिरेट,

सांगितलं.

फुलं सरायची वाट पाहिली नाही. रविवारी तिनं रुबार्बचा केक केला होता. चुलीच्या मागे भिंतीला भेग पडली आहे, ती तिनं मला दाखवली. माझी करंगळी पेरापर्यंत आत गेली. मी करंगळी बाहेर काढली आणि बोलायला लागलो. खांब, नकाशा, सही, सगळं. ती केक कापत राहिली. दोघांना पुरेल त्याहून कितीतरी जास्त तुकडे केले.

मग विचारलं, "किती घरं?"

"सात."

"माझं त्यात?"

"मधोमध."

बराच वेळ ती सुरी पुसत बसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तुझ्या घराखाली?"

"तसंच," मी म्हणालो.

पिरेट, ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझा हात हातात घेतला. म्हणाली, "वेड्या, इतकी वर्षं एकट्यानं हे डोक्यावर घेऊन त्याच जमिनीवर झोपत होतास?" मग म्हणाली, "तू राहतोस तर मीही राहते. सगळे राहतोयच की. सप्टेंबरात सोनजोडे झोपी गेले की त्यांना उचलू, मग माणसांचं बघू. आत्ता फुलात असताना मुळं हलवली तर मरतील."

मी मान हलवली. केक खाल्ला.

आता ऐक. आपल्या घराखाली तसं नाही. आपल्या घराखाली सात मीटरचे खांब आहेत, वाम्बोलाच्या घराखालीही. त्या दिवशी कापायला बसण्यापूर्वी आम्ही नकाशावर पेन्सिलीनं दोन गोल काढले. एक त्याच्या छपराभोवती, एक आपल्या. काम झाल्यावर खोडले. हे तुझ्या आईलाही माहीत नव्हतं. जगात दोनच माणसांना माहीत होतं, आता तीन.

आपल्या अंगणातली एक फरशी हललेली नाही. दारं लोण्यासारखी लागतात. हेल्वीच्या लक्षात कसं येत नाही? येत नाही, कारण ती माझ्यावर विश्वास ठेवते.

पत्र लिहून झालं आहे. टाकतो की नाही ते बघू.

बाबा

१५ जून

प्रिय पिरेट,

आधीचं पत्र आठवडाभर घड्याळामागे पडून होतं. आज हे आणि ते एकदमच टाकतो आहे.

शनिवारी हेल्वी योह्वीच्या बाजारात गेली होती. मी कुदळ आणि काटा घेऊन तिच्या बागेत शिरलो आणि सोनजोडे उपटले. पाचही ठोंब. फुलांसकट.

डोकं फिरलं नव्हतं. मी नीट विचार केला होता. ती सप्टेंबरपर्यंत ह्यांच्यासाठी थांबणार. हे नसले तर थांबायला कारण काय? तिला खरं सांगण्यापेक्षा हे मला सोपं वाटलं. मुळं तुला माहीत आहेत, उथळ पण हातभर पसरलेली, एकमेकांत गुंतलेली. तुझ्या ठोंबाची मुळं पलीकडे हेझेलच्या खाली गेली होती. ओढताना तुटली. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

ती परत आली तेव्हा मी वाफ्यात उभाच होतो. तिच्या हातातल्या पिशवीतून धुरावलेल्या माशांचा वास येत होता. तिनं पिशवी गवतावर ठेवली.

"हे काय केलंस?"

"आता थांबायला काही उरलं नाही. बहिणीकडे जा, राकवेरेला. आजच जा."

ती खाली बसली. एकेक ठोंब उचलून तिनं सफरचंदांच्या खोक्यात ठेवला, भोवती ओलं शेवाळ दाबलं, मोडलेली फुलं कात्रीनं कापली. मला वाटलं, माझ्याशी आता बोलणारच नाही. पण बोलली, वर न बघता.

"फुलांसाठी थांबले होते असं वाटलं तुला? अरे गाढवा, तू इथे एकटा राहशील म्हणून थांबले होते."

नंतर म्हणाली, "आता तर मुळीच जात नाही. घे, कर काय करायचं ते."

तेव्हा सांगायला हवं होतं. दोन पावलांवर होती. मी कुदळ धुतली आणि घरी आलो.

त्या पानांवरची लव अंगाला लागली की काय होतं तुला माहीत आहे. हात मनगटापर्यंत लाल झालेत, फोड आलेत. अक्षर त्यामुळे असं आहे.

चुलीमागच्या भेगेत आता दोन बोटं जातात. मी खिडकीतून पाहिलं.

बाबा

२४ जून

प्रिय पिरेट,

म्हणजे तू माझी पत्रं वाचतेस.

सोमवारी सकाळी मी दाढी केली, कोट चढवला आणि हेल्वीकडे निघालो. ह्या वेळी फाटकापाशी थांबलो नाही. दार नुसतं ओढलेलं होतं, कडी लागतच नाही आता. घर रिकामं. ती बसथांब्यावर सापडली. एक सुटकेस आणि सफरचंदांची दोन खोकी, ओल्या गोणपाटानं झाकलेली.

"शुक्रवारी पिरेटचा फोन आला," ती म्हणाली. "फोनवर तिला रडू येत होतं. मला नाही आलं."

मी टोपी काढली.

"शनिवार गेला. रविवार गेला. मी दोन दिवस थांबले, तू स्वतः येऊन सांगतोस का ते बघायला. त्या घरात थांबले, एंडेल, सगळं माहीत असून. दोनदा कुंपणापर्यंत आलास तू आणि परत गेलास. मी खिडकीत होते."

"आज सांगायलाच निघालो होतो."

"मग सांग."

"तुला माहीत आहे की."

"मला पिरेटकडून माहीत आहे. तू सांग."

थांब्यावर दुकानातली लेयदा होती, आणखी एक कुणी बाई होती. त्यांच्यासमोर मी सांगितलं. तुझ्या घराखाली चार मीटर. माझ्या घराखाली सात. आम्ही आपापली घरं वगळली.

"हं," हेल्वी म्हणाली. जसं कुणी गाडीची वेळ सांगावी.

बस आली. मी खोकं उचलायला वाकलो. "हात लावू नकोस," ती म्हणाली. ड्रायव्हरनं खोकी चढवली. पायरीवरून ती मागे वळली, "बाकीच्या घरांना आज सांग. उद्या मी एकेकाला फोन करून विचारणार आहे."

सांगितलं. दारोदार गेलो. जानच्या सणाची, ऐन उन्हाळ्यातल्या शेकोटीच्या रात्रीची, तयारी चालली होती, अंगणात लाकडं रचत होते, मांस मुरत घातलं होतं. कारेल म्हणाला, "काका, बिअर उद्यासाठी असते, आज नाही!" त्याची बायको मात्र हसली नाही. कुणीतरी खाणीच्या कचेरीत फोन लावला. तिकडून उत्तर आलं: नकाशाप्रमाणे वास्कालाखाली सात मीटरचे खांब आहेत, कागदपत्रं व्यवस्थित आहेत, दोन जबाबदार सह्या आहेत, काळजी नसावी.

माझ्याच सहीनं मला खोटं पाडलं.

एक गोष्ट तुला कबूल करायची आहे. आठ तारखेचं पत्र मी तुला का टाकलं, ह्याचा मी विचार करतो आहे. मला वाटतं, तू हेल्वीला सांगशील म्हणून टाकलं. म्हणजे मला सांगावं लागू नये. तुझ्या गळ्यात घातलं. तू केलंस, आणि त्यामुळे ती बाई आज राकवेरेला आहे. माझ्यामुळे नाही.

बाबा

३१ जुलै

प्रिय पिरेट,

काल सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी ती गेली. जमीन.

मोठा आवाज होईल असं मला नेहमी वाटायचं. तसं नव्हतं. शेजारच्या खोलीत कुणी जड कपाट सरकवावं, तसं काहीतरी. मी पंपापाशी होतो. मान वर केली तर हेल्वीचं छप्पर हळूच एका बाजूला कललं, जसा माणूस बसल्याबसल्या डुलकी घेतो, आणि मग स्वयंपाकघराकडचा अर्धा भाग नव्हताच. हेझेलची झुडपं उभीच्या उभी खाली गेली. मग धूळ.

माझ्या बादलीतल्या पाण्यावर एक वलय उमटलं. एवढंच.

खड्ड्याच्या काठाशी गेलो तेव्हा चूल दिसली, खूप खाली, आणि तिच्या बाजूला पलंगाचं टोक. चुलीला लागूनच ती झोपायची. उरलेल्या भिंतीवर तिचं कॅलेंडर होतं, जूनचं पान. शेजारच्या अंगणात कारेलची बायको बाबागाडीचा दांडा घट्ट धरून उभी होती. तिच्या पायांपासून खड्डा वीस पावलं असेल. ती माझ्याकडे बघत होती. खड्ड्याकडे नाही, माझ्याकडे.

दुपारपर्यंत उरलेली सहाही घरं रिकामी झाली. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

हेल्वीला मी फोन केला नाही. लेयदानं केला. ती म्हणते, हेल्वीनं एवढंच विचारलं, "मांजर बाहेर होतं ना?"

मांजर बाहेर होतं. माझ्याकडे आहे.

बाबा

१८ ऑक्टोबर

प्रिय पिरेट,

हे पत्र लांबेल, कारण ह्यानंतर फारसं सांगायला उरणार नाही.

ऑगस्टमध्ये जुन्या शाळेत सभा झाली. तालिनहून तीन इंजिनियर आले होते. त्यांनी खाणीचा नकाशा भिंतीला लावला. मी उठलो, पेन्सिल मागितली आणि खरे खांब काढून दाखवले. एकतीस वर्षांनी हात चुकला नाही, त्याची मला लाज वाटली. शेवटी दोन गोल काढले, हेही. सभेत कुणी ओरडलं नाही. मागच्या बाकावरून कारेलनं एवढंच विचारलं, "काका, त्या दिवशी माझ्या आजीचं घर कुठल्या रेषेत आलं, ते तुम्हाला दिसलं होतं ना?" मी म्हणालो, दिसलं होतं. तो खाली बसला.

वाम्बोला बाहेर पडताना माझ्या बुटांपाशी थुंकला. "एकट्यानं साधू व्हायचं होतं तर एकट्याचं नाव सांगायचंस."

मी त्याचं नाव घेतलं नव्हतं. नकाशावर होतं.

खटला होणार नाही म्हणतात. फार जुनं आहे, ज्याच्या हुकमानं झालं तो देशच राहिला नाही. दुकानात लेयदा पाव माझ्या हातात द्यायची नाही, फळीवर ठेवायची आणि मी उचलायची वाट बघायची. बाकी काही नाही.

हेल्वी सप्टेंबरात एकदा आली, भाच्याच्या गाडीतून, मांजर न्यायला. मी मांजर टोपलीत घालून फाटकाबाहेर ठेवलं. आत ये म्हणायची हिंमत झाली नाही. तिनं दोरीपलीकडे खड्ड्याकडे पाहिलं, पण जवळ गेली नाही. माझ्याशी फक्त सोनजोड्यांबद्दल बोलली, आणि तेही तुला कळवावं म्हणून. पाचातले तीन जगले. बहिणीच्या बागेत उत्तरेच्या भिंतीशी लावले आहेत, कोंबांची टोकं जमिनीखाली तयार आहेत, फुलं यायला तीन-चार वर्षं जातील. तुझा ठोंब गेला. शेवाळातच सडला. मुळं मीच तोडली होती.

मी म्हणालो, "हेल्वी, मला..."

ती म्हणाली, "सव्वीस वर्षं शेजारी राहिलास, सहा वर्षं रोज सकाळी माझ्या हातची कॉफी प्यायलास. किती कप झाले असतील? त्यातल्या एकाही कपाला तुझा घोट अडला नाही?"

खरं उत्तर असं की अडायचा, सुरुवातीला. मग सवय झाली. ते मी बोललो नाही. गाडी गेली.

काल इंजिनियरांचा अहवाल आला. सहाही कुटुंबांना योह्वीत घरं मिळणार, पूर्वेची बाजू नोव्हेंबरात पाडणार, रस्त्याला फाटक बसणार. पश्चिमेकडची घरंही रिकामी झाली, कुणाला इथे राहायचं नव्हतं, लेयदानंसुद्धा दुकान हलवलं. मी विचारलं, माझ्या घराचं काय? त्या तरुण इंजिनियरनं कागद पुढे केला. जमिनीत छिद्रं पाडून दोनदा मोजलं म्हणे. एंडेल ह्यांचं घर आणि वाम्बोला ह्यांचं घर पूर्ण सुरक्षित. शंभर वर्षं काही होणार नाही. त्यामुळे बदली जागेचा हक्क नाही. विजेची तार दोन घरांपुरती ठेवतील.

मी म्हटलं, मला इथे राहायचं नाही. तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही नशीबवान आहात."

तुला ये असं म्हणत नाही. पत्रं वाचतेस एवढं मला पुरे, आणि आता वाचली नाहीस तरी चालेल. जे करायचं होतं ते तू केलंस.

आज सकाळी शेवटची गाडी गेली, उरलंसुरलं सामान न्यायला आलेल्या कारेलची, वर पाळणा बांधलेला. इंजिनाचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला, मग तोही बंद झाला. इतकी शांतता मी फक्त खाणीत ऐकली आहे, पंप बंद पडले की. वाम्बोला त्याच्या फाटकातून निघाला, रिकाम्या रस्त्याच्या अगदी मधून चालत माझ्यापर्यंत आला आणि कुंपणावर कोपरं टेकून उभा राहिला. सभेनंतरची पहिलीच खेप. राग गेला होता, चेहरा चांगला ताजा दिसत होता.

"बघितलंस?" तो म्हणाला. "आपली मोजणी बरोबर होती. आपल्या घरांचा एक चिरासुद्धा हलला नाही."

मी मान हलवली. बोलायला दुसरं कुणी उरलेलं नाही.

बाबा